सुपाखालचा वारा

"ज्याला आठ वर्षांचा असल्यापासनं या हातानं जेवू घातलं, त्यानं मला आख्ख्या लातूरला हसायला दिलं. अन् आता फोन करून विचारतोय, मोठ्याई, यंदा येळवशीला किती पोरं आणू म्हणून. जराबी लाज वाटंना त्याला."

शांतम्मा चुलीपुढं बसून बोलत होती आणि तिची सून उमादेवी भाकरी थापता थापता "हाव, आत्याबाई" म्हणत होती. हे गाऱ्हाणं तिनं वर्षभरात इतक्यांदा ऐकलं होतं, की कुठं "हाव" म्हणायचं आणि कुठं नुसती मान हलवायची हे तिला पाठ झालं होतं. पण आज एक गोष्ट नवीन होती. बोलून झाल्यावर सासू हसली.

"मग काय सांगितलं तुम्ही?" उमादेवीनं विचारलं.

"सांगितलं, सगळी आण. अन् येताना तुझा तो फोटोचा बोर्डबी आण. रानात लावू."

उमादेवीचा हात भाकरीवर थांबला. सासू हसली की काहीतरी शिजतंय, एवढं तिला वीस वर्षांत कळलं होतं.

संगमेश हा शांतम्माच्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर हदगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याची बायको गेली तेव्हा पोर आठ वर्षांचं. शांतम्मा एसटीनं हदगावला गेली, चार दिवस राहिली आणि पोराला घेऊन जळकोटला आली. तिचा स्वतःचा मल्लेश दहावीनंतर रानात उतरला. संगमेश शिकला. आता लातुरात त्याची फिजिक्सची शिकवणी होती. लातुरात चौकाचौकांत सरांचे फोटो लटकतात, त्यांत त्याचाही होता. हाताची घडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि पाठीमागं आभाळात चढणारं विमान.

जळकोटच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवतं. त्याला येळवस म्हणतात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पुजायचे, मग सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातलं आंबिल, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी हाताला धरून पंगतीला बसवायचा. आणि कुणी घास घ्यायच्या आधी घरच्या एकानं आंबिलाची घागर घेऊन रानाच्या चारी बांधांनी शिंपत फिरायचं. याला चर शिंपणं म्हणतात. हे काम पाहुण्याचं नव्हे, गड्याचं नव्हे, घरच्याचंच. शांतम्माच्या रानात हा मान आठव्या वर्षापासून संगमेशचा होता. मल्लेश पोटचा असून तिनं तो त्याला कधी दिला नाही. आईवेगळं पोर आहे, त्याला हे रान आपलं वाटू दे, असं ती तेव्हा म्हणाली होती. नंतर संगमेशला मिशा फुटल्या, लग्न झालं, तो सर झाला, तरी घागर त्याच्याच खांद्यावर राहिली.

मागच्या येळवशीला तो शिकवणीची वीसेक पोरं घेऊन आला होता. जेवणं झाली. शांतम्मा बांधावर उभी राहून सुपानं तूर पाखडत होती. वरून एक विमान गेलं. संगमेशनं फोन तिच्यापुढं धरला आणि लाडानं विचारलं, "मोठ्याई, विमान कसं उडत असंल गं?"

तिला काय ठाऊक, फोन कशासाठी धरलाय. तिनं हातातलं सूप वाऱ्याला कलतं धरलं, पुढची कड जरा वर.

"हे बघ. वारा सुपाच्या पोटाला लागतो अन् माझ्या पायावर येतो. लुगड्याचा काठ हलतो बघ. जवर वारा पायावर येतोय, तवर सूप हातात हलकं लागतंय. वारा खाली चाललाय म्हणून सूप वर चाललंय. इमान तेच करत असंल. वाऱ्याला खाली लोटायचं अन् आपण वर ऱ्हायचं."

पोरं ऐकत होती. एकानं मानही डोलावली. शांतम्माला बरं वाटलं होतं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला सरानं पोरांपुढं विचारलं, म्हणून.

आठ दिवसांनी तो व्हिडिओ आला. नाव, "मोठ्याईचं विमान". आधी ती, सूप हलवताना, मागं कसलंतरी चेष्टेचं संगीत लावलेलं. मग संगमेश फळ्यापुढं. "हसून झालं? आता खरं ऐका. विमानाचा पंख वरून फुगीर, खालून सपाट. म्हणजे वरच्या हवेचा रस्ता लांब. पंखाच्या पुढच्या कडेला दोघी वेगळ्या झाल्या, की मागच्या कडेला दोघींना एकाच वेळी पोचायचं असतं. म्हणून वरची पळते. पळाली की तिचा दाब कमी होतो, आणि पंख वर उचलला जातो. विमान सुपानं उडत नाही." वर्ग खो खो हसला.

जळकोटच्या बाजारात भाजीवाला हाताची विमानं करून दाखवू लागला. मठात बायका सरकून जागा द्यायच्या, "या, इमानवाली आली." हे शांतम्मानं सोसलं. ज्यानं ज्यानं हसून दाखवलं, त्याला तिनं तिथल्या तिथं दोन शब्द ऐकवले आणि हिशेब मिटवला. पण मल्लेशची मुलगी अक्षरा लातुरात अकरावीला होती, आणि संगमेशच्याच वर्गात बसत होती. तिला पोरं विचारायची, डब्याबरोबर सूप आणलंस का. ती सुट्टीला घरी आली आणि आजीनं सूप हातात दिलं, तेव्हा तिनं ते भिंतीला टेकवून ठेवलं. आजीनं शिकवलेलं पाखडणं ती पाचव्या वर्षापासून करत होती. त्या दिवसापासून तिनं सुपाला हात लावला नाही.

ते शांतम्माला लागलं. ती संगमेशला काहीच बोलली नाही. ही बाई तोंडावर बोलून मोकळी होणारी, ती गप्प बसली तेव्हा मल्लेशच तिच्या मागं लागला.

"अव्वा, एकदा फोन करून शिव्या दे त्याला. तुलाबी बरं वाटंल, आम्हालाबी."

"शिव्या दिल्या की तो पाया पडंल. पाया पडला की माफ करावं लागंल. इतक्या सवंगात न्हाई सोडणार मी त्याला."

तिनं अक्षराला तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. स्वतःचा भाग नव्हे, फळ्यापुढचा. चार वेळा ऐकल्यावर म्हणाली, "त्या दोन हवांचं लगीन ठरलंय का? वरचीनं खालचीला गाठायला कशापायी पळावं? कुणी सांगितलंय तिला?"

"आज्जी, सर म्हणतात तसंच असतंय."

"सर म्हणतात. वारा म्हणतो का?" शांतम्मानं गोठ्याकडं बोट केलं. "गारपिटीच्या साली या गोठ्याचा पत्रा उडाला अन् शेजारच्या सिद्धलिंगच्या जवारीत जाऊन पडला. पत्रा वरून फुगीर हुता? वरून जेवढा, खालून तेवढाच. मग कुणाचा रस्ता लांब अन् कुणाचा आखूड? अन् सांग, गेला तो कुठला पत्रा? वारा ज्या अंगानं आला त्या अंगाचा न्हाई गेला. आढ्याच्या पल्याडचा गेला. वारा आढं चढून पुढं निघून जातो, मागं विरळ पडतंय, ती विरळ जागा पत्र्याला वर ओढती. म्हणून मी दगड पल्याडच्या अंगाला ठेवती. तुझ्या सरानंबी लहानपणी वाहिलेत ते दगड."

अक्षराच्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढच्या सुट्टीला ती आली ती कॉलेजच्या लायब्ररीतलं पान वहीत उतरवून.

"आज्जी, पुस्तकात तुझंच हाय. वरची हवा जास्त पळती हे खरं, दाब कमी होतो हेबी खरं. पण खालचीला गाठायला न्हाई पळत. ती खालचीच्या आधीच पुढं निघून जाती. अन् पंख जराशी कड वर धरून हवेला खाली वळवतो, म्हणून हवा त्याला वर लोटती. दोघी एकदम पोचतात ही गोष्ट चूक हाय, असं सरळ लिहिलंय."

"पुस्तकाला आता कळलं व्हय," शांतम्मा म्हणाली.

"सरांना वर्गात विचारू का मी?"

"न्हाई. तू विचारलंस तर तुलाच हसतील. जितक्या पोरांपुढं हसवलं, तितक्याच पोरांपुढं. त्याच रानात."

भाद्रपदात ती लेकीकडं नांदेडला गेली. लेक शिवकन्या रेल्वेच्या ऑफिसात होती. आईला सकाळी स्कुटीवर बसवून ती विमानतळाच्या कुंपणाशी सोडायची आणि ऑफिसला जाताना कुरकुरायची. "लोकं नांदेडात गुरुद्वाऱ्यात जातात, गोदावरीला जातात. माझी आई तारेला नाक लावून उभी ऱ्हाती."

"तुझ्या बापानं मला देवळं दाखवली. इमान न्हाई दाखवलं."

चार दिवस ती छत्री घेऊन उभी राहिली. दिवसाला दोनतीनच विमानं यायची-जायची, पण तिला घाई नव्हती. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं, की विमान कितीतरी वेळ जमिनीवर नुसतं पळतं आणि उठत नाही. मग नाक वर करतं, आणि तेव्हाच उठतं. दुसऱ्या दिवशी उतरणारं पाहिलं. वेग कमी होत आला, तसे त्याच्या पंखांच्या मागच्या कडा लांब होऊन खाली झुकल्या. शांतम्मानं छत्री मिटली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई." वारा मंदावला की ती सूप जास्त कलतं करायची. हेच, अगदी हेच. शेजारी शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला पटलं. तो म्हणाला, बाई, एवढं सोपं हाय तर ही लोकं शाळा कशापायी काढतात.

परत आल्यावर तिनं मल्लेशला कामाला लावलं. सोयाबीन बाजारात टाकून पिकअप रिकामी झाली, की माय-लेक रानापासून पुलापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर फेऱ्या मारायचे. शांतम्मा मागं पोत्यावर बसायची आणि घरातलं प्लायवूडचं एक फळकूट वाऱ्यावर धरायची. आडवं, सपाट धरलं की ते काहीच करत नसे. पुढची कड दोन बोटं वर केली की हात उचलायचं. चार बोटं केली की बगलेला कळ यायची. उभंच धरलं तर वर जायचं सोडून नुसतं मागं रेटायचं, थरथरायचं, आणि हातातून खाली पडायचं. एक गोष्ट तिला आणखी कळली. ओढ्यावरच्या पुलाला चढ होता. गाडी त्यावर चढली की गाडीचं नाक वर व्हायचं, आणि हातातलं फळकूट आपोआप कलायचं. कितीही सपाट धरा.

पुलापाशी तिनं मल्लेशला गाडी उभी करायला लावली आणि बराच वेळ त्या चढाकडं पाहत राहिली.

"काय झालं, अव्वा?"

"काही न्हाई. चल."

येळवस उजाडली. दहा वाजता दोन गाड्या बांधाला लागल्या आणि तीसेक पोरं उतरली. संगमेश पुढं आला, वाकला. "शरणार्थ, मोठ्याई."

"शरणार्थ. बोर्ड आणलास?"

आणला होता. सनपॅकचा, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या पातळ प्लास्टिकचा, चार फूट बाय तीन फूट. एका हातानं उचलावा इतका हलका. त्यावर संगमेश हाताची घडी घालून, मागं विमान, आणि खाली लिहिलेलं, "उंच भरारी, संगमेश सरांसोबत."

पूजा झाली. घागर कोपीपाशी भरून ठेवली होती. संगमेशनं उपरणं खांद्यावर टाकलं आणि तिकडं वळला.

"थांब जरा," शांतम्मा म्हणाली. "पोरं आलीत एवढी. आधी त्यांचं एक काम करू, मग चर. अक्षरा, फोन काढ गं." तिनं पोरांकडं तोंड केलं. "मागल्या वर्षी मी अडाणी बाई इमानाबद्दल बोलले, तुम्ही हसलात. बरोबर हाय, हसायची गोष्ट आली की हसावं. पण मला यंदा समजून घ्यायचंय. सर म्हणतात, वरचा रस्ता लांब म्हणून इमान उडतंय. मग हा बोर्ड हाय. वरून सपाट, खालून सपाट. दोन्ही रस्ते सारखे. ह्यो वाऱ्यावर वर जाईल का, न्हाई जाणार? सरांनीच सांगावं."

पोरं सरांकडं बघू लागली. अक्षराचा फोन सरांवर होता. संगमेश थांबला. फार नाही, एक आवंढा गिळण्यापुरता. पण शांतम्मा त्याच्या तोंडाकडंच बघत होती, आणि तो थांबलेला तिनं पाहिला.

"आपल्या नियमाप्रमाणे," तो म्हणाला, "दोन्ही रस्ते सारखे असले तर उचल मिळणार नाही."

"म्हणजे न्हाई जाणार."

"नाही जाणार."

"मग चल, पिकअपवर चढ अन् धरून दाखव पोरांना. रस्ता मोकळा हाय, सगळं गाव रानात जेवायला बसलंय. का भ्यालास?"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर, चढा. सर, चढाच. सर चढले. पोरं पळत जाऊन पुलाजवळच्या बांधावर उभी राहिली, अक्षरा फोन घेऊन सगळ्यांच्या पुढं. शांतम्मा पिकअपच्या मागच्या भागात, केबिनला पाठ टेकून पोत्यांवर बसली. संगमेश तिच्यासमोर पाय रोवून उभा राहिला आणि बोर्ड केबिनच्या वर, दोन्ही हातांनी धरला. फोटो आभाळाकडं.

गाडी निघाली. शांतम्मानं केबिनवर थाप मारली, मल्लेशनं वेग वाढवला. वारा संगमेशच्या केसांतून गेला, उपरण्याची टोकं फडफडली. बोर्ड हलला नाही. शांतम्मा वर बघत होती, पण बोर्डाकडं नाही. त्याच्या मनगटांकडं. पुढची कड एक केसभर वर झाली की मनगट तिला खाली दाबत होतं. केसभर खाली गेली की उचलत होतं. ताटात पाणी भरून न्यावं, तसा तो बोर्ड सपाट ठेवत होता. हे शांतम्माच्या हिशेबात नव्हतं.

तिनं केबिनवर दोन थापा मारल्या. मल्लेशनं आणखी पाय दाबला. पूल आला.

गाडीचं नाक चढाला लागलं आणि वर झालं. गाडीबरोबर संगमेश कलला, संगमेशबरोबर बोर्ड. बोर्डाच्या पोटात वारा शिरला. त्याचे दोन्ही हात एकदम डोक्यावर ताठ झाले, टाचा पोत्यावरून सुटल्या, आणि क्षणभर तो स्वतःच्याच फोटोला लटकल्यासारखा दिसला. मग बोटं सुटली. बोर्ड सरळ वर गेला, बाभळीच्या शेंड्याएवढा. आणखी वर जाता जाता त्याचं डोकं फारच वर झालं, तो उभाच्या उभा राहिला, थरथरला, आणि कोलांट्या खात सिद्धलिंगच्या ज्वारीत जाऊन पडला. संगमेश पोत्यांवर, शांतम्माच्या पायापाशी, बुडावर आपटला. चष्मा कानाला लोंबत होता.

बांधावरून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. मागच्या वर्षीच्या हसण्यापेक्षा कितीतरी मोठा. बाहेरच्या उघड्या रानात तो घुमत राहिला.

शांतम्मा हसली नाही. मल्लेश पुलापलीकडं जाऊन गाडी वळवत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "सपाट धरलास तू."

संगमेश चष्मा पुसत राहिला.

"ज्याला ठाऊक नसतं तो कसाबी धरतो. वेडावाकडा धरतो. तू केसभर कलू दिला न्हाईस. म्हणजे कलला की वर जातो, हे तुला ठाऊक हुतं."

"मोठ्याई..."

"कधीपासनं?"

चष्मा डोळ्यांवर चढवत तो म्हणाला, "कॉलेजपासून."

"म्हणजे मागल्या येळवशीलाबी ठाऊक हुतं. मी सूप धरून सांगितलं तेव्हा, मी बरोबर सांगतीय हे तुला कळलं हुतं."

"कळलं होतं. पण ते दोन रस्त्यांचं पोरांना सोपं पडतं गं. पटकन ध्यानात राहतं. आणि पोरं हसली की ऐकतात. सुरुवातीला कुणालातरी हसवावं लागतं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं."

"हसायला दुसरं कुणी न्हाई घावलं तुला? स्वतःला हसवायचंस."

गाडी परत बांधाशी आली. शांतम्मा मल्लेशच्या खांद्याला धरून उतरली. पोरं भोवती जमली. कुणीतरी ज्वारीतून बोर्ड शोधून आणला होता. सरांच्या फोटोवर नाकापासून कानापर्यंत चीर गेली होती, विमान मात्र धड होतं. अक्षराचा फोन अजून चालूच होता.

"मला सांगितलंस ते आता यांना सांग," शांतम्मा म्हणाली. "माझ्याकडं बघू नको. फोनकडं बघ."

संगमेशनं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. दोन्ही हवा एकदम पोचतात ही गोष्ट चूक आहे. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर लोटते. वरची हवा पळते, तिचा दाब कमी होतो, ते खरं, पण कुणाला गाठायला नाही. फुगीर पंख त्या कामाला चांगला, पण सपाट पत्राही कलता धरला तर उचलला जातो. आणि फारच कलता केला तर वरची हवा त्याला सोडून जाते आणि तो पडतो, आत्ता पडला तसा. "मागच्या वर्षी आज्जींनी हेच सांगितलं होतं. ते बरोबर होतं."

एका पोरीनं हात वर केला. "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"खरं ते," संगमेश म्हणाला.

अक्षरानं फोन बंद केला. कोपीला टेकवून ठेवलेलं सूप तिनं उचललं, त्यात मूठभर तूर घेतली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, वाऱ्याला कलतं धरून पाखडायला लागली. शांतम्मानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

संगमेश वाकून पाया पडला. "मोठ्याई, तो व्हिडिओ आजच काढून टाकतो."

"काढू नको. ऱ्हाऊ दे. त्याच्या खाली हा लाव."

"लावतो." त्याचा जीव जरा खाली पडला. बोलणं झालं, पाया पडून झालं, म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. लहानपणी असंच व्हायचं. त्यानं डोळे पुसले, उपरणं खांद्यावर नीट घेतलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं आंबिलाची घागर उचलायला वाकला. त्याचे हात घागरीच्या गळ्याला लागले तेव्हा शांतम्मा बोलली. आवाज चढला नव्हता, पण चुलीपाशी बसलेल्या उमादेवीलाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

"घागर ठेव खाली, संगमेश. चुकला असतास तर कान धरून शिकवलं असतं अन् घास भरवला असता. पण तू चुकला न्हाईस. मी खरं बोलले हे तुला ठाऊक हुतं, अन् तरी तू मला हसायला दिलंस. असं परक्या माणसाला करतात, घरच्याला न्हाई. मग परकाच हो. येळवशीला माझ्या रानातनं कुणी उपाशी जात न्हाई, तूबी जाणार न्हाईस. त्या तिथं, पाव्हण्यांच्या पंगतीत बस, उमादेवी वाढंल. भज्जी लागली तर माग, लाजू नको. दरसाल ये, दरसाल जेव. पण चर घरचं माणूस शिंपतं, अन् आजपासनं ते अक्षरा शिंपंल. तू पाव्हणा."